टेलिफोनशेजारची वही

मागच्या अंकात ‘संस्थांचा संवाद आणि सोशल मीडिया’ या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा फार तर चार-दोन पत्रं येतील असं वाटलं होतं. बरीच आली, आणि बहुतेकांचा सूर एकच: ‘आम्ही नेमाने पोस्ट टाकतो, पण त्याने होतं काय ते कळत नाही.’ मी वीसेक वर्षं निरनिराळ्या संस्थांच्या जनसंपर्क विभागांत काम केलं. त्यातली पहिली काही वर्षं मीही अशीच नेमाने टाकत होते. तेव्हा उत्तरांत कुठे आवाज चढलेला वाटला, तर तो माझ्या स्वतःवरच चढलाय असं समजा. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी एका रक्तपेढीत जनसंपर्काचं काम पाहते. आमच्या पेजला अकरा हजार फॉलोअर आहेत. रोज सकाळी सुविचार, दिनविशेष असेल तर त्याची पोस्ट, शिबिर झालं की फोटो, सगळं न चुकता चालतं. लाइकही बरे येतात. आता संचालकांनी वर्षअखेरपर्यंत पंचवीस हजार फॉलोअरचं उद्दिष्ट दिलंय. पण रक्तदाते आहेत तेवढेच आहेत. माझं काय चुकतंय?

उत्तर : कामात कसूर नाही तुमची. पण पंचवीस हजार फॉलोअर झाले तरी त्याने रक्ताची एकही पिशवी भरत नाही, हे संचालकांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

आधी एक जुनी गोष्ट. माझी दुसरी नोकरी एका प्रशिक्षण संस्थेत होती. मी तिथे महिन्याचा तक्ता करायची. एकतीस चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात काहीतरी भरायचंच. एखादा रिकामा राहिला की मला चैन पडत नसे. एक दिवस स्वागतकक्षातल्या बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. निवृत्तीला आलेल्या, बोलायला तिखट. म्हणाल्या, ‘तुमचं ते फेसबुक दिवसभर चालू असतं आणि माझा फोनही दिवसभर वाजत असतो. एकदा दोघांची गाठ घालून द्या की.’

झोंबलं मला. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेलिफोनशेजारी मी एक शंभरपानी वही नेऊन ठेवली. फोनवर आलेला प्रत्येक प्रश्न एका ओळीत लिहायचा. तोच पुन्हा आला की पुढे एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. दोन आठवड्यांनी वही उघडली. बैठकांमध्ये आम्ही ज्यावर तासन्‌तास घालवायचो, ते ‘संस्थेचं व्हिजन’, तो ‘अनुभवी अध्यापकवर्ग’, त्याबद्दल एकाही माणसाने फोन केलेला नव्हता. सगळ्यांत दाट रेघा एकाच प्रश्नापुढे होत्या: ‘प्रवेशाला येताना मूळ कागदपत्रं आणायची की झेरॉक्स चालेल?’ ओळ भरली म्हणून बाईंनी रेघा समासात चढवल्या होत्या, आणि समास संपल्यावर एक चिठ्ठी टाचून तिच्यावर.

त्याच दुपारी आम्ही टेबलावर सगळे कागद लागतील त्या क्रमाने मांडले. मूळ प्रत हवी तिथे निळी चिठ्ठी, झेरॉक्स चालते तिथे पिवळी. वरून फोटो काढला, खाली ‘प्रवेशाला येताना हे आणा’ एवढंच लिहिलं आणि पोस्ट पेजच्या माथ्यावर पिन केली. लाइक आले चौदा, त्यातले निम्मे आमच्याच कर्मचाऱ्यांचे. पण पुढच्या पंधरवड्यात वहीत त्या प्रश्नापुढे बोटांवर मोजण्याइतक्या रेघा पडल्या. माझ्या हातून निघालेली ती पहिली उपयोगाची पोस्ट.

तुमच्या फोनशेजारीही अशी वही ठेवा. माझा अंदाज सांगते, काय काय येईल: उपाशीपोटी यायचं का, अमुक गोळी चालू आहे तर चालेल का, एकूण वेळ किती जातो, चक्कर येते का. तुमच्याच डॉक्टरांना मोबाइलसमोर बसवून एकेका प्रश्नाचं अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायला सांगा. ते नटूनथटून यायला नकोत, आणि मागे संगीतही नको. महिन्याभराचा मजकूर त्यातच सुटतो. सुविचारांची उणीव कुणाला भासली तर मला कळवा.

आता उद्दिष्ट. प्लेटलेट साधारण पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी काही आठवडे. म्हणजे शिबिराच्या दिवशी झुंबड आणि मग महिनाभर शुकशुकाट, हे पेढीच्या सोयीचं नाही. तुम्हाला थोडे पण सतत येणारे लोक हवेत. ते कुठे सापडतील? एकदा रक्त देऊन गेलेल्यांत. त्यांची नावं तुमच्या रजिस्टरमध्येच पडून आहेत. तेव्हा संचालकांपुढे असं एखादं वाक्य ठेवा: ‘या वर्षी पहिल्यांदा रक्त दिलेल्यांपैकी निदान इतके जण वर्ष संपायच्या आत दुसऱ्यांदा यावेत.’ कोणी, काय, कधीपर्यंत, तिन्ही त्यात आलं. ‘इतके’च्या जागी आकडा गेल्या दोन वर्षांचं रजिस्टर बघून तुम्हीच घाला. हे वाक्य ठरलं की सोशल मीडियाच्या वाट्याला काय येतं ते आपोआप दिसतं. नवख्या माणसाची धास्ती घालवायला पेजवरचे ते छोटे व्हिडिओ. आणि परत बोलवायला, त्या दात्याने फॉर्मवर संमती दिली असेल तर, पुन्हा रक्त देता येईल असा दिवस आला की थेट त्याच्या फोनवर एक निरोप. दुसरं काम पेजचं नाहीच. पेजवर ते कितीही वेळा ओरडून सांगितलं तरी ज्याच्यासाठी आहे त्याला दिसेल याची हमी नाही. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं की, फीडमध्ये पेजपेक्षा मित्र आणि घरच्यांच्या पोस्टना झुकतं माप मिळेल. आणि ज्यांना दिसतं तेही बहुतेक गप्पच असतात. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांविषयी एक ठोकताळा मांडला: शंभरातले नव्वद नुसते बघतात, नऊ अधूनमधून काही बोलतात आणि एकटा सतत बोलतो. म्हणून लाइक कमी आले की कुणी वाचलंच नाही, असंही समजू नका.

संचालकांशी वाद घालत बसू नका. रक्तदात्याच्या फॉर्मवर एक ओळ वाढवून घ्या, ‘आमच्याकडे यावं असं कशामुळे वाटलं?’, आणि तीन महिन्यांनी त्या ओळीचा गोषवारा बैठकीत ठेवा. बैठकीत कुणीतरी हुशार माणूस ‘एवढ्या प्रसिद्धीची जाहिरात दिली असती तर किती पैसे गेले असते’ असा हिशेब काढतोच. त्याला सांगा, हा हिशेब जनसंपर्कवाल्यांनी स्वतःच २०१० मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत मोडीत काढलाय. तिथे ठरलेली मापनाची तत्त्वं ‘बार्सिलोना तत्त्वं’ म्हणून ओळखली जातात.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी ‘तातडीने रक्त हवे’ या निरोपांबद्दल सांगते. ज्या निरोपावर तारीख नाही, तो मरत नाही. रुग्ण बरा होऊन घरी जातो, आणि वर्ष-दोन वर्षांनी तोच निरोप कुठूनतरी फिरून येतो. नातेवाइकांचा फोन वाजतच राहतो. तारीख आणि ‘अमुक वाजेपर्यंत’ हे मजकुरात तर हवंच, पण चित्रातही लिहा, कारण पुढे पाठवताना मजकूर गळतो आणि चित्र तेवढं जातं. नंबर पेढीचा द्या, घरच्यांचा नको. आणि गरज भागली की त्याच पोस्टवर तसं लिहा. हे शेवटचं काम जवळजवळ सगळेच विसरतात.

प्रश्न : आमचं सार्वजनिक ग्रंथालय आहे, मी त्याचा सचिव. एका उत्साही सभासदाच्या आग्रहाखातर आम्ही सहा ठिकाणी खाती उघडली. तो सभासद आता परगावी गेला. एक मुलगी जमेल तसं पाहते. कुठली खाती ठेवावीत?

उत्तर : दोन ठेवा. कुठली, ते तुमचे वाचक कुठे आहेत त्यावर ठरेल, आणि ते शोधायला सर्वेक्षण लागत नाही. पुस्तक बदलायला येणाऱ्या माणसाला देवघेवीच्या टेबलावरच विचारा: ‘घरी मोबाइलवर काय बघता?’ आठवडाभर विचारलंत तरी चित्र स्पष्ट होईल.

उरलेली चार काढून टाकू नका, झाकून ठेवा. म्हणजे असं: प्रत्येक ठिकाणी शेवटची पोस्ट टाका, ‘ग्रंथालयाची माहिती आता अमुक ठिकाणी मिळेल’, ती वर पिन करा आणि पासवर्ड कार्यालयात कुलपात ठेवा. खातं पुसलंत तर पुढेमागे ते नाव दुसरं कुणी उचलून तुमच्या नावाने बोलायला लागू शकतं. एका संस्थेत मी हे उलटं केलं होतं. ‘स्वच्छता’ म्हणून जुनं खातं उडवलं. काही महिन्यांनी त्याच नावाने कुणीतरी भलत्याच वस्तू विकत होतं, आणि फोन आम्हाला येत होते.

सहा खात्यांपेक्षाही जपायची गोष्ट म्हणजे तुमची स्वतःची सभासदयादी: नाव, फोन, ईमेल आणि ‘निरोप पाठवायला हरकत नाही’ अशी सही. बाकी सगळं भाड्याच्या जागेतलं बिऱ्हाड आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदमच सुमारे सहा तास गायब झाले, कारण कंपनीच्या आतल्याच एका तांत्रिक बदलात चूक झाली होती. त्या दिवशी माझ्या माहितीतल्या एका संस्थेत नेमका कार्यक्रम होता आणि जागा बदललेली होती. ती कळवायला त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपखेरीज काही नव्हतं. शेवटी जुन्या जागेच्या दारावर एक माणूस उभा केला.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय, वापरणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एका यादीत २५६ जण मावतात. आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यालाच निरोप पोचतो. ‘पाठवलं होतं की’ आणि ‘मिळालंच नाही’ यांच्यातली बरीच भांडणं इथली असतात. नव्या सभासदाचा अर्ज घेताना तिथल्या तिथे त्याच्याकडून ग्रंथालयाचा नंबर साठवून घ्या.

प्रश्न : पोस्ट टाकायची सगळ्यांत चांगली वेळ कोणती?

उत्तर : वाचणाऱ्याला त्या माहितीची गरज पडते त्याच्या थोडं आधी. बस सुटण्याच्या वेळेची सूचना सकाळी, आणि परीक्षेला काय आणायचं ते आदल्या संध्याकाळी. यापलीकडे ‘मंगळवारी अकरा वाजता’ वगैरे जे सांगतात त्यांना तुमचे वाचक माहीत नाहीत.

प्रश्न : मी एका आरोग्यविषयक संस्थेत नवीनच लागलोय. साहेबांनी सांगितलंय, ‘काहीतरी व्हायरल कर.’ व्हिडिओ करतोय, हजार-दोन हजार व्ह्यू येतात, पुढे सरकत नाही. मार्गदर्शन करावं.

उत्तर : ‘काहीतरी व्हायरल कर’ म्हणणं म्हणजे ‘पाऊस पाड’ म्हणण्यासारखं आहे. पण तुमचे साहेब जे उदाहरण डोक्यात धरून बोलत असतील ते बहुधा २०१४ चं असणार, बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याचं. तेच नीट उलगडून बघू.

एएलएस हा चेतापेशींचा असाध्य आजार. त्याच्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्या काही आठवड्यांत सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले. साहेबांना एवढं माहीत असतं. त्यांना सहसा हे माहीत नसतं की, ती कल्पना संस्थेच्या कुठल्या बैठकीत निघाली नव्हती. अंगावर गार पाणी घेण्याचे असे खेळ लोकांत आधीपासून चालू होते, वेगवेगळ्या कारणांसाठी. पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन या दोन तरुण रुग्णांनी आणि त्यांच्या मित्रपरिवाराने तो खेळ या आजाराशी जोडला. संस्थेने ती लाट ओळखली आणि तिच्या आड आली नाही. पुढच्या वर्षी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा रक्कम आधीच्या जवळपासही गेली नाही.

त्या खेळाची बांधणी मात्र अभ्यासण्यासारखी आहे. करायची गोष्ट एकच, कुणालाही जमणारी. मुदत चोवीस तासांची. आणि शेवटी तीन जणांची नावं घेऊन त्यांना आव्हान द्यायचं. ‘सर्वांनी सहभागी व्हावे’ असं कुणी म्हणत नव्हतं, माणसाचं नाव घेत होतं. नाव घेतलं की टाळता येत नाही. तुमच्या शेवटच्या व्हिडिओत बघणाऱ्याने नेमकं काय करायचं होतं? एका वाक्यात सांगता येत नसेल तर दोन हजार काय आणि दोन लाख काय.

आणि साहेबांना हेही दाखवा: लाट ओसरल्यावर संस्थेने पैसे कुठे गेले ते वर्षानुवर्षं सांगत राहण्याचं काम केलं. २०१६ मध्ये त्याच पैशाच्या मदतीने चाललेल्या संशोधनातून एनईके१ या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध समोर आला, तेव्हा बादली ओतलेल्यांना ते कळवलं गेलं. मला विचाराल तर संवादाचं खरं कसब तिथे होतं. पाणी ओतण्यात कसलं आलंय!

व्ह्यूच्या आकड्यावर फार विसंबू नका. फेसबुकवर तीन सेकंद चाललं की व्ह्यू धरला जायचा. तीन सेकंदांत माणूस अंगठा पुढे सरकवायच्या बेतात असतो. २०१६ मध्ये तर कंपनीने स्वतःच कबूल केलं की, लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात तो आकडा दोन वर्षं फुगवून दाखवला गेला होता. तुम्ही एवढंच मोजा: व्हिडिओ बघून किती जणांनी फोन केला, तपासणीची वेळ घेतली, माहितीपत्रक मागितलं. महिन्यात सात निघाले तरी सात खरे आहेत.

प्रश्न : आमची पाणीपुरवठा करणारी संस्था आहे. पेजवर आम्ही कामांचे फोटो टाकतो आणि खाली लोक शिव्याशाप देतात. वरिष्ठ म्हणतात कॉमेंट बंद करा. काही वेळा आम्ही कॉमेंट पुसतोही. योग्य काय?

उत्तर : अश्लील शिवीगाळ, कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता, जातिधर्मावरून चिथावणी, एवढं झाकायचं. आणि हे नियम पेजवर आधी लिहून ठेवायचे. बाकी ‘तीन दिवस नळाला थेंब नाही’ ही तक्रार आहे. ती पुसलीत तर माणूस तिचा स्क्रीनशॉट घेऊन दहा ठिकाणी टाकतो, आणि आता त्याच्याकडे एकाऐवजी दोन तक्रारी असतात.

तुम्ही सोबत जोडलेलं तुमच्या पेजवरचं उत्तर वाचलं: ‘आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.’ याच शब्दांत अठरा जणांना. यातून तहानलेल्या माणसाला एक गोष्ट कळते, ती ही की पलीकडे माणूस नाही. हेच असं लिहून बघा:

‘तुमच्या भागाची मुख्य जलवाहिनी काल रात्री फुटली. खड्डा खणून झाला आहे, जोड बदलण्याचं काम चालू आहे. दुपारी चारपर्यंत पाणी सोडायचा प्रयत्न आहे. जमलं नाही तर चार वाजता इथेच कळवतो.’

यात दिलगिरीचा शब्द नाही, तरी माणूस निवळतो. पण पुढचं फार महत्त्वाचं: चार वाजता खरोखर कळवायचं. पाणी आलेलं नसलं तरी. विशेषतः आलेलं नसेल तेव्हा. ‘जोड बसला, पण दाब देताना पुन्हा गळती दिसली, आता रात्री नऊ.’ लोक नऊपर्यंत थांबतात. गप्प बसलात तर पावणेपाचला शिव्याशाप पुन्हा सुरू.

तुमची खरी अडचण कॉमेंटमध्ये नसावी, असा मला संशय आहे. वरचा मजकूर लिहायला पेज सांभाळणाऱ्याला जलवाहिनीचं काम कुठवर आलं ते कळायला हवं, आणि ते लिहायची मुभा हवी. बहुतेक ठिकाणी तो मुलगा अभियंत्याला फोन करतो, अभियंता ‘वरून विचारून सांगतो’ म्हणतो, वरचे बैठकीत असतात. तोवर संध्याकाळ. म्हणून एका पानावर लिहून घ्या: कुठल्या गोष्टीचं उत्तर पेजवरच्या माणसाने कुणालाही न विचारता द्यायचं, कुठल्यासाठी कुणाला विचारायचं, आणि तो अर्ध्या तासात सापडला नाही तर कुणाला. त्यावर वरिष्ठांची सही घ्या. माझ्या मते संवादाचं धोरण म्हणजे ते एक पान. रंगीत सादरीकरणं नंतर.

त्या पानावर आणखी एक ओळ घाला, मी ती फार महागात शिकले. एका ठिकाणी आम्ही आठवड्याच्या पोस्ट आधीच वेळ लावून ठेवायचो. एका रात्री कामावर अपघात झाला, आमचा एक सहकारी गेला. आम्ही सगळे रुग्णालयात. सकाळी नऊच्या ठोक्याला पेजवर ‘हसतमुख दिवसाची सुरुवात!’ झळकलं, खाली उड्या मारणारा सूर्य. त्याच्या भावाने ते मला स्वतःच्या मोबाइलवर दाखवलं. काही बोलला नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदावर पहिलं वाक्य असतं: वाईट बातमी कळताच, बाकी काहीही करण्याआधी, वेळ लावलेल्या सगळ्या पोस्ट थांबवायच्या. आणि ते करता येईल असे निदान दोन जण हवेत.

चूक हलकीफुलकी असेल तर हलकेच घ्यावी. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या ट्विटर खात्यावरून एका कर्मचाऱ्याने चुकून बिअर पिण्याबद्दलचा खासगी मजकूर टाकला. संस्थेने तो काढला, पण लपवला नाही. आम्ही शुद्धीवर आहोत आणि गाडीच्या चाव्या काढून घेतल्या आहेत, अशा अर्थाचं गमतीचं उत्तर दिलं. ज्या बिअरचा उल्लेख होता तिच्या चाहत्यांनी उलट रेड क्रॉसला देणग्या दिल्या. त्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या आणि संस्थेच्या खात्यांसाठी एकच अ‍ॅप वापरलं होतं. तुम्ही ते वेगळं ठेवा, आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं. आजच.

प्रश्न : मला दिसत नाही. मोबाइल मी स्क्रीन रीडरवर वापरतो, म्हणजे पडद्यावरचं तो मला वाचून दाखवतो. संस्थांच्या सगळ्या सूचना हल्ली चित्राच्या रूपात येतात. माझा फोन ‘इमेज’ म्हणतो आणि पुढे सरकतो. एका संस्थेच्या मुलाखतीची तारीख मला तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून कळली, तेव्हा ती उलटून गेली होती. हे कुणाला सांगायचं?

उत्तर : मला सांगितलंत ते बरं केलंत, कारण मीही त्यातलीच आहे. कितीतरी वर्षं मी सूचना चित्रातच काढल्या. अक्षरं छान बसतात, रंग संस्थेचे येतात, पुढे पाठवायला सोपं जातं. ज्याला दिसत नाही त्याला काय ऐकू जातं, हे मी कधी तपासलंच नाही.

उपाय अवघड नाहीत. तारीख, वेळ, ठिकाण, काय आणायचं, हे चित्रात असलं तरी मजकुरात पुन्हा टंकायचं. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, सगळीकडे चित्र चढवताना ‘ऑल्ट टेक्स्ट’ लिहायला जागा असते, तिथे चित्रात काय आहे ते लिहायचं. व्हिडिओला खाली शब्द द्यायचे, ते ऐकू न येणाऱ्यांनाही लागतात आणि आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांनाही. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात पुरेसा फरक ठेवायचा, वेबसाठीच्या मान्य नियमांत तो साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ : १ सांगितला आहे. फिकट राखाडीवर पांढरं लिहिणाऱ्यांनी हे एकदा मोजून बघावं. त्या संस्थेला तुमचं हेच पत्र पाठवा. तारीख हुकल्याचा भाग गाळू नका.

तुमचं पत्र मी सगळ्यांत शेवटी उघडलं. तोवर पहिलं उत्तर लिहून झालं होतं, त्या निळ्या-पिवळ्या चिठ्ठ्यांच्या फोटोचं, थोड्या मिरवण्यानेच. मग लक्षात आलं की त्या फोटोखाली आम्ही ‘प्रवेशाला येताना हे आणा’ एवढंच लिहिलं होतं. ‘हे’ म्हणजे काय ते सगळं चित्रात. तुमच्यासारख्या कुणी तेव्हा प्रवेश घ्यायचा म्हटला असता तर त्याला बाईंना फोनच करावा लागला असता. वहीत उरलेल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या रेघा कुणाच्या होत्या, हे मी तेव्हा विचारलं नाही.

त्या फोटोचं वर्णन आता लिहून देते, उशीर फार झालाय तरी: ‘टेबलावर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडलेले पाच कागद. गुणपत्रिका, मूळ प्रत हवी. शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत हवी. ओळखपत्र, झेरॉक्स चालेल. पत्त्याचा पुरावा, झेरॉक्स चालेल. भरलेला अर्ज, सही करून, वर फोटो चिकटवलेला.’